निघायच्या आधी कोणाकोणाला भेटायचं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या खेपेला सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, कारण आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त तेच होते. आपली पोरं-पोरी बाहेर चाललीयेत, कोणी आखातात, कोणी जर्मनीला, कोणी जहाजावर, आणि तिकीट हातात पडलं की घरात पहिला वाद हाच सुरू होतो की जायच्या आधी कोणाकडे जायचं, कधी जायचं, आणि तिथे जाऊन बोलायचं काय. मंडणगड-खेडकडच्या घरांना हे काही नवं नाही, तिकडे कुवेत-दुबई पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे, पण बाकीच्यांकडे अजून घरातलं पहिलंच माणूस जातंय आणि त्यामुळे सगळेच गडबडलेले असतात. नावं छापत नाहीये, गाव तेवढं देतेय. काही उत्तरं लांबलीत, इलाज नाही.

प्रश्न: ताई, मी गुहागर तालुक्यातला. एसी टेक्निशियन आहे, शारजाला नोकरी लागलीये, तिकीट मेच्या पहिल्या आठवड्यातलं. शाळेतले मित्र विखुरलेत, एक हर्णैला बोटीवर, एक रत्नागिरीजवळ आंब्याच्या बागेत, एक जयगडला, बाकी दोघंतिघं मुंबईला. मी म्हणतो एका शनिवारी सगळ्यांना रिसॉर्टवर बोलावतो, मटण-बिटण करतो, एका रात्रीत काम होतं. आई म्हणते असं नसतं, घरोघरी जाऊन भेटायचं. कोण बरोबर?

उत्तर: आई बरोबर. आता का ते ऐक.

पार्टीत तू कोणालाच भेटणार नाहीस. मटण शिजलं का, बर्फ आणला का, जयगडवाल्याला परत जायला गाडी आहे का, यातच तुझी रात्र जाणार, आणि बाकीचे एकमेकांशी गप्पा मारणार कारण तेही एकमेकांना वर्षा-दोन वर्षांनी भेटतायत. अकरा वाजता कोणीतरी जुनं काहीतरी उकरून काढणार, फोटो होणार, स्टेटसला लागणार, संपलं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तुझा बागवाला मित्र येणारच नाही. एप्रिल महिना आहे रे! हापूसचा ऐन सीझन, झाडावरून आंबा उतरतोय, पेट्या भरतायत, वाशीच्या मार्केटची गाडी रात्री निघते, त्या माणसाला आंघोळीला वेळ नाही आणि तू त्याला रिसॉर्टवर बोलावतोस. तो फोनवर म्हणेल हो येतो, आणि येणार नाही, आणि तुला वाटेल बघा ह्याला माझं काही नाही.

म्हणून तू जा. त्याच्या बागेतल्या शेडमध्ये जाऊन बस. सांगून जा, पण खास वेळ मागू नकोस. तो खाली बसून आंबे निवडत असेल, मोठे एकीकडे, डागाळलेले एकीकडे, बाजूला पेंढ्याचा ढीग असेल, तू पेंढा पसर, एखादी पेटी भर, चुकीची भरलीस तर शिव्या खा. माणूस हातात काम असताना जे बोलतो ते खुर्चीत बसवून चहा समोर ठेवला की बोलत नाही, विशेषतः आपल्याकडचे पुरुष. दोन तास बसलास तर तासभर नुसतं मार्केटचा भाव आणि यंदाचा मोहर यावर जाईल, आणि मग कधीतरी आंब्याकडे बघतच तो विचारेल, किती वर्षांचं काँट्रॅक्ट आहे? तिथून पुढे खरी भेट सुरू होते.

हर्णैवाल्याचं गणित वेगळं. बोट कधी लागणार ते त्याला स्वतःला नक्की सांगता येत नाही, त्यामुळे त्याला फोन न करता त्याच्या आईला किंवा बायकोला कर, घरच्या बायकांना बरोबर अंदाज असतो. संध्याकाळी लिलाव चालू असताना बंदरावर जाऊन त्याच्याशी बोलायला लागू नकोस, त्या वेळी तो कोणाचाच नसतो. लिलाव होऊ दे, हिशेब होऊ दे, मग बस त्याच्याबरोबर. तुझं तिकीट जूनचं असतं तर प्रश्नच नव्हता, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, सगळे जाळी दुरुस्त करत घरीच. पण तुझं मेचं आहे.

रस्त्याचं म्हणशील तर चिपळूणवरून फिरत बसू नकोस, बाइक धोपाव्याच्या फेरीबोटीत घाल, पलीकडे दाभोळला उतर, दापोलीवरून हर्णै. जयगडसाठी उलट्या बाजूला तवसाळवरून फेरीबोट आहे, आणि जयगडवरून तसाच पुढे रत्नागिरीच्या बागवाल्याकडे. म्हणजे दोन वेगवेगळ्या दिवशी दोन दिशा, एकाच दिवसात चार घरं कोंबायची नाहीत. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत तुला कोण काय बोललं ते आठवत नाही आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ बघतोस, ते त्यांना दिसतं.

मुंबईवाल्यांना विमानतळावर बोलावू नकोस, आत त्यांना सोडत नाहीत, बाहेर गाड्यांच्या गर्दीत पाच मिनिटं मिठी मारून काय होतं. फ्लाइटच्या दोन दिवस आधी मुंबईत पोच आणि ज्याच्या त्याच्या स्टेशनला जाऊन भेट. आणि हो, हे मुंबईवाले सोडले तर शेवटचे चार दिवस मात्र कोणालाही देऊ नकोस, तेव्हा काहीतरी कागद अडकतोच.

जाता जाता एक. तिकडे यूएईत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, त्यावर तिकडे बंधन आहे, आपली माणसं बोटिमसारखी अॅप वापरतात. ज्यांच्याशी तुला खरंच बोलत राहायचंय त्यांच्या फोनमध्ये भेटीच्या वेळीच ते टाकून दे आणि एकदा लावून बघ. नाहीतर तिकडे गेल्यावर तू मेसेज टाकणार "अॅप घे", तो म्हणणार "हो घेतो", आणि सहा महिने गेले.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीचा, दुबईला चाललोय. निरोपाला ज्याच्याकडे जावं तो पिशवी हातात देतो. मसाला, कोकमाचं आगळ, सुकट, लाडू. एका मित्राच्या आईने तर तिकडच्या भाच्यासाठी गोळ्या-औषधांचं पॅक केलेलं पाकीट दिलंय. नाही म्हणता येत नाही. काय न्यावं, काय नको?

उत्तर: हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण यात मैत्री आणि तुरुंग दोन्ही आहेत. अतिशयोक्ती करत नाहीये.

आधी मसाला. मालवणी मसाल्यात बऱ्याच घरी खसखस घालतात, गोड्या मसाल्यात काही जणांची असते, अनारशांना तर वरून लावलेलीच असते. आणि दुबईत, सौदीत खसखस चालत नाही, अफूच्या बोंडातलं बी आहे ते, तिकडच्या कायद्यात ते अमली पदार्थांच्या हिशेबात येतं. "मला माहीत नव्हतं, काकीने दिलं" हे तिथे कोणी ऐकत नाही. तेव्हा मसाला देणाऱ्या प्रत्येक काकीला तोंडावर विचारायचं, यात खसखस आहे का? तिला राग येत नाही, उलट ती म्हणेल थांब, तुझ्यासाठी वेगळा कुटते. वेगळा कुटला तरच ने.

सुकं खोबरं. बऱ्याच विमान कंपन्या ते सामानात घेत नाहीत, त्यात तेल असतं म्हणून पेट घेणाऱ्या मालात धरतात. वाटी असो की खोबऱ्याचे तुकडे, ठेवून जा. खोबऱ्याचे लाडू दिलेत तर ते घरीच संपव, त्यात दुःख काय आहे. निरोपाचा नारळ देवापुढे वाढवायचा आणि प्रसाद खाऊन निघायचं, तो बॅगेत घालायचा नाही.

आगळ नेता येतं पण खालच्या बॅगेत, घट्ट बाटलीत, बाटली दोन पिशव्यांत, आणि पांढऱ्या शर्टांपासून लांब. सुकट-बोंबील नेणारे नेतात, पण वासाचं बघा, तुझ्या खोलीत आणखी पाच जण असणार आणि ते सगळे कोकणातले नसणार. कोकम, आंबापोळी, कुळीथपीठ, तळलेले गरे, काजू, हे सगळं निवांत जातं. वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते, घरी काट्यावर बॅग ठेवून बघ, काउंटरवर जाऊन लाडू काढायला लागू नये.

आता ते पाकीट. ते तू नेऊ नकोस. भाचा खरा असेल, गोळ्या साध्या असतील, काकी देवमाणूस असेल, तरी नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही दुखण्याच्या आणि खोकल्याच्या औषधांवर तिकडे कडक बंधनं आहेत, ट्रॅमाडॉल, कोडीन असली नावं त्यात येतात, आणि ज्याच्या बॅगेत सापडलं त्याला धरतात. तू आठवत असशील तर 2019 साली मुंबईचं एक जोडपं दोहाला फिरायला गेलं, नातेवाईकाने दिलेलं पाकीट बरोबर होतं, त्यात चरस निघाला. त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली होती. ते पाकिटाच्या आत काय आहे हे जाणत नव्हते, हे कोर्टात मान्य होऊन सुटून परत यायला 2021 उजाडलं. सख्ख्या नात्यातलं पाकीट होतं ते.

नाही म्हणायची रीत अशी. मित्राच्या घरी, सगळ्यांसमोर, पाकीट हातात घेऊन म्हणायचं, काकी, कंपनीने सांगितलंय दुसऱ्याचं औषध आणायचं नाही, माझी नोकरी जाईल. कंपनीवर ढकल, कंपनीला काही फरक पडत नाही. बाकी खाण्याच्या वस्तूंना मात्र सरसकट नाही म्हणू नकोस. पिशवी घे, तिथेच उघड, वास घे, एक लाडू तोंडात टाक. तुझ्या घरी आणून आईकडे ठेव. काकीला तिने दिलेलं तू घेतलंस एवढंच बघायचं होतं.

प्रश्न: अमावास्येच्या दिवशी निरोपाला जाऊ नये असं आजी म्हणते, आणि मला तेवढाच रविवार आहे. (देवरुख)

उत्तर: आजीला घरी एक दिवस आधी पाया पडून घे, तिच्यासाठी तू त्या दिवशी निघालास. रविवारी खुशाल मित्रांकडे जा. दहीसाखर दोनदा खाल्ली म्हणून कोणाचं बिघडलेलं नाही. आणि देवळात गाऱ्हाणं घालायला गुरव कधी मोकळा आहे ते आधी विचारून घे, त्याचीही कामं असतात.

प्रश्न: ताई, मी कुडाळची, नर्स आहे. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा झाली, आता व्हिसा आलाय, पुढच्या महिन्यात जातेय. शाळेपासूनची माझी एक जिवलग मैत्रीण होती, तिच्या लग्नाच्या वेळी आमचं बिनसलं, मी नाईट ड्युटीमुळे हळदीला गेले नाही आणि ती बोलू नये ते बोलली. चार वर्षं झाली. ती आता वेंगुर्ल्याला सासरी असते. जाऊ का भेटायला? आई म्हणते कशाला आता, जातेयस ना, सोडून दे.

उत्तर: जा. "जातेयस ना, सोडून दे" हे मला पटत नाही, जातेयस म्हणूनच तर. इथे असतीस तर बाजारात, जत्रेत कधीतरी समोरासमोर आला असतात आणि आपोआप हसला असतात. आता ते होणार नाही.

आधी एक सांगते, 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यानंतर अशी जर्मनीची पत्रं फार यायला लागलीत, त्यात नर्स मुली जास्त, आणि त्या सगळ्यांची तक्रार एकच, भाषेच्या क्लासात दीड वर्ष गेलं, मैत्रिणी सुटल्या. तू एकटी नाहीस.

आता कसं जायचं. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज लिहू नकोस, तो ती नवऱ्याला दाखवेल, नवरा मत देईल, झालं. सरळ फोन कर, दोन वाक्यं, मी जर्मनीला चाललेय, तुला भेटायला आले तर चालेल का. ती गप्प राहील क्षणभर, राहू दे. सासरचं घर आहे तेव्हा सकाळी कामाच्या वेळी नको आणि जेवणाच्या वेळी तर मुळीच नको, तिला स्वयंपाकाचं टेन्शन येईल. तीनच्या सुमाराला, जेवणं होऊन मागचं आवरलं की जा, चहापर्यंत थांब. सासूसाठी काहीतरी ने, तिच्यासाठी नाही नेलंस तरी चालेल, पण सासूसाठी ने, आणि तिच्या मुलासाठी खाऊ.

सासूबाई सोबत बसणारच. अर्धा तास त्यांच्याशी बोल मनापासून, जर्मनीत भात मिळतो का, थंडी किती, हे प्रश्न त्या विचारतील, नीट उत्तरं दे. मग मैत्रिणीला म्हण, तुझी परसातली बाग दाखव ना. घरोघरी परसात अबोली असते, अळू असतं, विहीर असते. तिथे उभ्या राहा दोघी. भांडणाचा विषय तू काढू नकोस. तिने काढला तर ऐकून घे, आणि नाईट ड्युटीची सफाई देत बसू नकोस, चार वर्षांनी ड्युटीचा तक्ता कोणाला हवाय. तिने नाहीच काढला तर अबोलीबद्दल बोला. मला विचारशील तर तेही पुष्कळ आहे.

आणि परत फोन करायचं ठरलं तर वेळ सांगून ये, जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तुझी रात्रपाळी सुटेल सकाळी तेव्हा तिची सकाळची कामं उरकून दुपारच्या जेवणाआधीची वेळ असेल. बरं जुळतंय तुमचं.

प्रश्न: मी खेडकडचा, नववीपर्यंत शिकलोय, सौदीला हेल्परच्या कामाला चाललोय. एजंटला द्यायला जुन्या मित्राकडून 40 हजार घेतले. आता एजंट आणखी 70 हजार मागतोय, म्हणतो व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ. मित्राला तोंड दाखवायची लाज वाटते, पैसे फेडून झाल्यावरच भेटावं म्हणतो. न भेटता गेलो तर चालेल का?

उत्तर: मित्राचं नंतर, तुमच्या एजंटचं आधी. हा माणूस मला ठीक वाटत नाही.

सरकारकडे नोंद असलेल्या एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तुम्ही आधीच 40 दिलेत. पावती आहे का? दहावी झालेली नाही म्हणजे तुमचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असणार, आणि त्या पासपोर्टवर सौदीसारख्या 18 देशांत नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून मंजुरी लागते. त्याच साइटवर एजंटचा लायसन्स नंबर टाकून बघता येतो, खरा आहे की नाही, चालू आहे की रद्द. कोणीतरी शिकलेला पोरगा बरोबर घ्या आणि आजच बघा. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा होतो, दोन वर्षांना 275 रुपये आणि त्यावर टॅक्स, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचा. व्हिजिट व्हिसावर गेलात तर यातलं काहीच नाही. मंजुरी नाही, विमा नाही, आणि तिकडे काम करणं बेकायदा, मालकाने पगार नाही दिला तर तक्रार कुठे करणार? 70 हजार देऊ नका. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते.

आता मित्र. त्याच्याकडे सगळ्यांच्या आधी जा. पैसे देणारा माणूस पैशापेक्षा बातमीची वाट बघत असतो, आणि ती त्याला तुमच्याकडून न कळता नाक्यावर कळली की मग 40 हजारांचे 40 हजार राहत नाहीत. एक वही घेऊन जा. किती घेतले, कधी घेतले, कोणत्या महिन्यापासून किती देणार, लिहा, दोघांनी सही करा, एक पान फाडून त्याला द्या. पहिल्या पगाराचं वचन देऊ नका, पहिला पगार बहुतेक वेळा लांबतो आणि त्यातून खोलीचं सामान येतं, चौथ्या महिन्यापासून लिहा. तुमच्या बायकोला किंवा भावाला ते पान दाखवून ठेवा. आणि ते 70 हजारांचं प्रकरणही त्याला सांगा, कदाचित तोच तुमच्याबरोबर मुंबईला येईल.

प्रश्न: राजापूर तालुका. एकुलता एक मुलगा, कतारला जातोय. घरी आई-वडील आणि 60 कलमं. शेजारच्या वाडीतला बालमित्र आहे, निरोपाला जाईन तेव्हा त्याला सांगावं म्हणतो की सगळ्यावर लक्ष ठेव. योग्य राहील ना?

उत्तर: निरोपाच्या दिवशी नका सांगू. त्या दिवशी कोणीही हो म्हणतं, डोळ्यात पाणी असतं दोघांच्या, अशा वेळी होकार घेणं म्हणजे जबरदस्तीच झाली.

आधी वेगळं जा, पंधरा-वीस दिवस आधी, त्याला नाही म्हणायला वाव ठेवून. आणि "लक्ष ठेव" म्हणजे काय ते फोडून सांगा. बाबांना दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कोणाची, पैसे कुठून, रात्री फोन कोणाला. कलमांचं तर पूर्णच वेगळं आहे, मोहरावरच्या फवारण्या, खत, माकडं, राखणीला गुरखा ठेवायचा तर त्याची खोली, ही पूर्ण वर्षाची नोकरी आहे, मैत्रीत बसत नाही. एक तर बाग कराराने देऊन टाका किंवा मित्राला त्याचा मोबदला ठरवून द्या. मोबदला म्हटलं की तो रागावेल, रागावू दे, तरी ठरवा. वडिलांसमोर बोला सगळं, नाहीतर पुढे म्हातारे म्हणतात हा कोण आमच्या बागेत.

जमिनीचे, बँकेचे काही व्यवहार त्याने किंवा दुसऱ्या कोणी करायचे असतील तर कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच करून घ्या. तिकडे गेल्यावर तेच काम करायला भारतीय दूतावासात जाऊन सही-शिक्का घ्यावा लागतो, सुट्टी मिळता मिळत नाही. बँकेलाही कळवा, परदेशी नोकरीला गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं.

एवढं सगळं आधी झालं ना, की मग निरोपाच्या दिवशी त्याच्याकडे नुसतं जेवायला जाता येतं.

प्रश्न: ताई, मी मालवणचा. उलटा प्रश्न आहे. आम्ही चौघं मित्र, दोघं आधीच बाहेर गेले, आता तिसरा मस्कतला चाललाय. मी एकटा राहिलो. माझी होडी आहे आणि छोटा होमस्टे. तो म्हणतो रविवारी भेटायला येतो, आणि मला घरी नाही असं सांगावंसं वाटतंय. आधीचे दोघंही मिठ्या मारून गेले होते, वर्षभरात फोन बंद. सुट्टीत येतात तेव्हा कुडाळ स्टेशनला आणायला मात्र मीच लागतो. मी जळतोय का?

उत्तर: थोडा जळतोयस, आणि त्यात काही पाप नाही. जास्त मला वाटतं तू कंटाळलायस. निरोप द्यायचं काम नेहमी तुझ्याच वाट्याला येतंय, चहा तुझा, गाडी तुझी, स्टेशन तुझं. जाणाऱ्यांना सगळे विचारतात काय काय नेतोस, राहणाऱ्याला कोणी विचारत नाही.

घरी नाही असं सांगू नकोस, मालवण एवढंसं, कोणीतरी सांगणारच तू कुठे होतास ते. येऊ दे त्याला. पण या वेळी पाहुणचार करू नकोस. सुरमई आणू नकोस, वहिनीला कामाला लावू नकोस. त्याला म्हण पहाटे ये, होडीत चल. जाळं टाकू दे त्याला, ओढू दे, हाताला फोड येऊ दे. परत आल्यावर जे मिळालं असेल ते, पेडवे तर पेडवे, बांगडे तर बांगडे, त्यानेच साफ करायचे. आणि होडीत असताना, तिथे मोबाइलला रेंज नसते ते बरंच आहे, त्याला सरळ सांग. तुम्ही लोक जाता आणि फोन करत नाही, मला वाईट वाटतं. एवढं मराठीत जड जात असेल तर मालवणीत सांग, "सुट्टेक इलंस तर मी स्टेशनार येवचंय नाय." तो हसेल, पण कळेल त्याला.

त्याने विचारलं मग कधी फोन करू, तर मोघम राहू नकोस, वार सांग. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. शुक्रवारी संध्याकाळी तुझे पुण्या-मुंबईचे गेस्ट यायला लागतात तेव्हा ती वेळ नको, शुक्रवार सकाळ घे, त्याचा चहा आणि तुझी जाळी आवरायची वेळ एकच. आणि गणपतीत आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा हट्ट त्याने धरला तर एक दिवस कर, रोज नाही, तुला टाळ वाजवायचे असतात.

आधीच्या दोघांना तू केलास का रे फोन? वर्षभरात एकदा तरी? मी टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतेय. पहिल्या वर्षी तिकडे माणूस बारा-बारा तास काम करून खोलीवर पडतो आणि इथून कोणी आठवण काढत नाही असं त्यालाही वाटत असतं. एकदा लावून बघ. नाही उचलला तर मग स्टेशनला रिक्षा आहेतच.

प्रश्न: मित्राच्या आजीने निरोपाला अख्खा कापा फणस दिलाय, उचलेना इतका. म्हणते तिकडे घेऊन जा. फ्लाइट परवा आहे. काय करू? (दापोली)

उत्तर: हा अंक हातात पडेपर्यंत तू पोचलेला असशील, पण पुढच्यांसाठी सांगते. फणस परत आजीच्याच अंगणात न्यायचा, हाताला आणि सुरीला खोबरेल लावायचं आणि तिच्यासमोर फोडायचा. वाडीतल्या पोरांना हाक मारायची. निम्मे गरे तिथे खायचे, निम्म्यांचे काप करून तिच्याकडूनच तळून घ्यायचे, कापा असेल तर कुरकुरीत होतात, तेवढा डबा बॅगेत जातो. आठळ्या तुझ्या आईकडे दे, पावसात भाजीला होतील.